बेळगावहून परदेशी स्थायिक होताना घरचं कुत्रं-मांजर सोबत कसं न्यायचं

जर्मनी किंवा ब्रिटनला कुत्रं न्यायचं असेल तर कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, लस, रक्ततपासणी आणि त्यानंतरची सक्तीची थांबणूक हे सगळं धरून किमान चार महिने लागतात. माणसाचा व्हिसा कधीकधी सहा आठवड्यांत हातात पडतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांची अडचण इथूनच सुरू होते. तिकिटं निघालेली असतात, सामान बांधलेलं असतं आणि मग कळतं की कुत्र्याला अजून तीन महिने जाता येणार नाही. ही मुदत ओळखीने कमी होत नाही, जास्त पैसे भरूनही होत नाही. म्हणून ऑफर लेटर आलं त्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. बाकीची तयारी नंतर केली तरी चालते.

न्यायचं का, हे आधी घरात बोला

हा प्रश्न टाळून थेट कागदांच्या मागे लागू नका. आपल्या भागात पुष्कळ घरांत कुत्रं नावाला मुलाचं असतं, पण दिवसभर ते आई-बाबांच्या पायाशी बसलेलं असतं. मुलगा-सून मुलांना घेऊन निघून जाणार, आणि त्याच महिन्यात कुत्रंही जाणार, म्हणजे टिळकवाडीतलं नाहीतर शहापुरातलं ते घर एकदम रिकामं होणार. आई-बाबांची तब्येत चांगली असेल, त्यांना जनावराचा लळा असेल आणि लस-औषधं वेळेवर करणारं कुणी जवळ असेल, तर कुत्र्याला त्यांच्यापाशी ठेवणं हा प्रेमाचाच निर्णय आहे. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

जनावराच्या बाजूनेही विचार करा. पग, बुलडॉग, बॉक्सर, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींना विमानात श्वासाचा धोका खरोखरच जास्त असतो. अनेक विमान कंपन्या त्यांना मालकक्षात घेतच नाहीत, काही फक्त थंडीत घेतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या म्हाताऱ्या जनावराबाबत डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि ते नको म्हणाले तर ऐका. खानापूर तालुक्यातल्या शेतावर मोकळं वाढलेलं, कधी साखळी न पाहिलेलं आठ वर्षांचं गावठी कुत्रं चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कसं राहील, याचाही विचार व्हायला हवा. तरुण गावठी कुत्री मात्र छान रुळतात. त्यांना 'साधं कुत्रं' म्हणून मागे टाकू नका. कागदावर जात लिहिताना 'मिश्र' किंवा 'इंडियन पारिया' लिहिलं तरी कुठलाही देश हरकत घेत नाही.

देशाप्रमाणे नियम बदलतात

युरोपीय संघाच्या नजरेत भारत हा रेबीजच्या दृष्टीने जोखमीचा देश आहे. त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्या-मांजराला चिप, रेबीजची लस, रक्तातल्या प्रतिपिंडांची (लशीने शरीरात तयार होणाऱ्या अँटिबॉडीजची) तपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं बंधनकारक आहे. ब्रिटनचे नियम जवळपास हेच आहेत, पण दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. कुत्र्याला तिथे पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी फीतकृमीवरचं औषध डॉक्टरांनी स्वतः देऊन तशी वेळेसह नोंद करावी लागते. आणि विमानाने येणारं जनावर तुमच्या सामानातून नाही, तर मंजूर मार्गाने कार्गो म्हणूनच आत येऊ शकतं. म्हणून काही कुटुंबं ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसपर्यंत विमानाने जाऊन तिथून गाडी व फेरीने ब्रिटनमध्ये शिरतात. त्याला दोन्हीकडचे कागद लागतात आणि औषधाची वेळ फार बारकाईने जुळवावी लागते.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले. कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं, चिप हवी आणि तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, ऑनलाइन अर्ज भरलेला हवा. भारत त्यांच्याही जोखमीच्या यादीत आहे. म्हणून भारतात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी लस आणि चिपचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने प्रमाणित केलेला असावा लागतो. रक्ततपासणीचा अहवाल नसेल तर २८ दिवसांचं विलगीकरण तुमच्या खर्चाने होतं. शिवाय कुत्र्याला कुठल्याही विमानतळावर उतरवता येत नाही. केंद्राची नोंदणीकृत प्राणी-देखभाल जागा जिथे आहे त्याच विमानतळावर, तिथलं आरक्षण आधी करून उतरावं लागतं. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, अटलांटा, लॉस एंजेलिस ही त्यातली नावं. थेट ऑस्टिन किंवा सिॲटलचं तिकीट काढण्याआधी हे पाहा. मांजरांना हे केंद्र इतके कडक नियम लावत नाही, पण राज्याचे आणि विमान कंपनीचे वेगळे असू शकतात.

कॅनडा तुलनेने सोपा आहे. तीन महिन्यांवरचं तुमचं स्वतःचं कुत्रं तुमच्याबरोबर जात असेल तर रेबीजच्या लशीचा व्यवस्थित दाखला हा मुख्य कागद. मात्र सप्टेंबर २०२२ पासून भारतासारख्या देशांतून विक्रीसाठी किंवा दत्तक देण्यासाठी येणारी कुत्री तिथे बंद आहेत. म्हणून कुत्रं तुमचंच आहे हे जुन्या लसपुस्तकावरून आणि फोटोंवरून दाखवता आलं पाहिजे. आणि टोरांटोला जाताना विमान अमेरिकेत बदलणार असाल तर अमेरिकेचे नियम लागू होतात, हे विसरू नका.

आखातात जाणारेही आपल्याकडे खूप. संयुक्त अरब अमिरातीत आधी तिथल्या हवामान बदल व पर्यावरण मंत्रालयाचा आयात परवाना काढावा लागतो, भारतातून जाणाऱ्या जनावराला रक्ततपासणीही लागते. तिथे काही जातींना बंदी आहे, आणि त्यात आपल्याकडे हौसेने पाळले जाणारे रॉटवायलर, डॉबरमन आणि बॉक्सर येतात. जर्मनीत पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर नेता येत नाहीत. ब्रिटनच्या बंदीच्या यादीत आता एक्सएल बुलीही आहे.

ऑस्ट्रेलियाचं सगळ्यांत अवघड. भारतातून थेट कुत्रं-मांजर तिथे जाऊच शकत नाही. मंजूर यादीतल्या तिसऱ्या देशात जनावराला महिनोन्‌महिने ठेवून, तिथून पुढे जावं लागतं आणि मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात विलगीकरण पूर्ण करावं लागतं. वर्षभराची तयारी आणि मोठा खर्च झेपणार असेल तरच त्या वाटेला जा.

चिप, लस, रक्त: हा क्रम उलटा करता येत नाही

बेळगावातल्या बहुतेक पाळीव कुत्र्यांना लस दिलेली असते, चिप नसते. परदेशी नियमांच्या हिशेबात चिप बसवण्याआधी दिलेली लस धरली जात नाही, कारण ती याच जनावराला दिली याला पुरावा नसतो. म्हणून आधी चिप. त्याच दिवशी किंवा नंतर रेबीजची लस. मागच्या महिन्यातच लस झाली असेल तरी चिपनंतर पुन्हा द्यावी लागते. जनावराला त्याचा त्रास होत नाही.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, पंधरा अंकी असावी. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेच्या मागे दोन खांद्यांमध्ये जाड सुईने कातडीखाली बसवतात. भूल लागत नाही. बसवल्यावर लगेच रीडरने वाचून दाखवायला सांगा आणि पंधरा अंक स्वतः तपासून लसपुस्तकात लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक कागदावर हाच क्रमांक येणार आहे आणि त्यातला एक आकडा चुकला तरी जनावर परदेशी विमानतळावर अडकतं. बेळगावातल्या ज्या दवाखान्यात जाल तिथे चिप आणि रीडर दोन्ही आहेत का, हे फोनवर विचारूनच जा. निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींना कोल्हापूर जवळ पडतं.

लस देताना जनावर किमान बारा आठवड्यांचं असावं. पुस्तकात लशीचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक एवढं सगळं हवं. कुपीवरचं लेबल पुस्तकात चिकटवून घ्या. ६ जुलैच्या प्राणिजन्य रोग दिनाला आणि २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत मोफत लसीकरण होतं. तो उपक्रम फार मोलाचा आहे, रेबीजने दरवर्षी माणसं मरणाऱ्या या देशात त्याची गरजही आहे. पण गर्दीत नोंदी तोकड्या राहतात. परदेशी जाणाऱ्या जनावराची लस शांतपणे, वेगळ्या भेटीत घ्या.

लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. त्यातला सीरम, म्हणजे रक्तपेशी काढून उरणारा द्रव, वेगळा करून, थंड ठेवून, ज्या देशात जायचं आहे त्या देशाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठाची रेबीज प्रयोगशाळा, ब्रिटनमधली वेब्रिजची सरकारी प्रयोगशाळा अशी ठिकाणं यासाठी जगभर ओळखली जातात. कुठलीही स्थानिक लॅब चालत नाही, तिचा अहवाल कितीही चांगला असला तरी. प्रतिपिंडांची पातळी प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यायला हवी. पहिल्याच लशीवर काही जनावरांची पातळी कमी येते, विशेषतः पिल्लांची. म्हणून काही डॉक्टर काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देऊन मग रक्त घेतात. तुमच्या हाताशी वेळ असेल तर हाच मार्ग धरा.

सीरम पाठवण्याचं काम बेळगावातून नीट होतं का, अशी शंका अनेकांना येते. रक्त इथे काढून सीरम वेगळा करता येतो. अडतं ते परदेशी कुरिअरच्या कागदांवर आणि थंड पेटीवर. पशुवाहतुकीचं काम करणाऱ्या मुंबई-बेंगळूरच्या एजन्सी हे करून देतात. तुमच्या प्रवासात एजन्सीचा खरा उपयोग असेल तर तो इथे आणि ब्रिटनच्या कार्गोत. एजन्सी निवडताना ती आंतरराष्ट्रीय पाळीव प्राणी वाहतूक संघटनेची, म्हणजे इपाटाची, सदस्य आहे का ते त्या संघटनेच्या यादीत स्वतः पाहा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि तपासणीचा मूळ अहवाल आपल्या हातात घ्या.

युरोपसाठी एक दिलासा आहे. एकदा चांगला आलेला अहवाल जन्मभर चालतो, मात्र त्यानंतरची प्रत्येक वार्षिक लस मुदत संपण्याआधी झाली पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी सगळं पहिल्यापासून. म्हणून ज्यांचं जाणं अजून नक्की नाही, दोन वर्षांत जाऊ असं नुसतं बोलणं आहे, त्यांनीही आत्ताच चिप बसवून रक्ततपासणी करून ठेवावी. पुढचे चार महिने वाचतात.

प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजा

समजा १० जानेवारीला फ्रँकफुर्टला उतरायचं आहे. रक्त उशिरात उशिरा १० ऑक्टोबरला काढलेलं हवं. म्हणजे लस १० सप्टेंबरला किंवा आधी, आणि चिप त्याच्याही आधी. हे झालं अगदी काठावरचं गणित. पातळी कमी आली तर पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. म्हणून चिप आणि लस जूनमध्येच उरका. अमेरिकेसाठी रक्त पहिल्या लशीनंतर ३० दिवसांनी आणि प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं चालतं, त्यामुळे तिथली थांबणूक कमी आहे.

आपल्याकडे बऱ्याचदा नवरा आधी जातो, घर बघतो आणि चार-सहा महिन्यांनी बायको-मुलं जातात. अशा वेळी जनावर शेवटी जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवा. युरोप आणि ब्रिटनमध्ये मालकाच्या किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या प्रवासाच्या पाच दिवस आत-बाहेर जनावर पोचलं, तरच ते घरगुती समजलं जातं. नाहीतर ते व्यापारी मालाच्या नियमांत जातं आणि कागद वाढतात. आधी गेलेल्या माणसाने तिथे घर शोधतानाच कुत्रं चालेल असं करारात लिहून घ्यावं. हे तोंडी ठेवू नका.

मुंबई की बेंगळूर

सांबऱ्याच्या विमानतळावरून जनावर घेऊन निघण्याचा विचार सोडा. इथून उड्डाणं असलेली इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही. गाडीनेच जावं लागतं, आणि आपलं नशीब असं की मुंबई आणि बेंगळूर दोन्ही साधारण पाचशे किलोमीटरवर, एकाच महामार्गाच्या दोन दिशांना आहेत.

गाडी लागणाऱ्या कुत्र्यासाठी मला बेंगळूर बरं वाटतं. धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर असा रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. मुंबईकडे खंबाटकी आणि खंडाळ्याचे घाट लागतात, शिवाय पुण्याजवळची कोंडी. गणपतीच्या आसपास तर त्या रस्त्याला जाऊच नये. हवेचाही फरक मोठा आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरच्या बेळगावच्या गारव्यात वाढलेलं जनावर मुंबईच्या मे किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात धापा टाकतं, आणि तापमान साधारण ३० अंशांच्या आसपास गेलं की काही कंपन्या जनावर घेणं थांबवतात. बेंगळूरचा प्रश्न एवढाच, की तुमच्या देशाला थेट विमान मुंबईहूनच असेल तर वाटेत विमान बदलण्यापेक्षा मुंबई चांगली. जनावरासाठी थेट उड्डाण हे सगळ्यांत महत्त्वाचं.

मुंबईकडे जाताना कोगनोळीला राज्याची हद्द लागते. लसपुस्तक गाडीतच, हाताशी ठेवा. रेल्वेने जायचं असेल तर कुत्र्याला प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच सोबत बसवता येतं. नाहीतर ते गार्डच्या डब्यात जातं, आणि परदेशी प्रवासाच्या आदल्या दिवशी त्याला तो ताण देऊ नये. निघण्याच्या दोन दिवस आधी त्या शहरात पोचा. पाळीव प्राणी चालणारं हॉटेल किंवा नातेवाइकांचं घर आधीच ठरवून ठेवा.

पिंजरा

पिंजऱ्याची मापं आयटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमाने ठरतात. चार मापं घ्या: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून कोपरापर्यंत पुढच्या पायाची उंची, खांद्यांची रुंदी, आणि उभं राहिल्यावर जमिनीपासून डोक्यापर्यंत किंवा कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत उंची. पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे जनावराची लांबी अधिक पायाच्या उंचीचा अर्धा भाग. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची उभ्या जनावराएवढी, त्यावर अंथरुणाची जाडी. चपट्या नाकाच्या जातींना याहून सुमारे दहा टक्के मोठा लागतो.

आपल्या शेजारच्या मुधोळचं उदाहरण घेऊ. मुधोळ हाउंड लांब पायांचं, सडपातळ कुत्रं. समजा लांबी ८० सेंटिमीटर, कोपरापर्यंत पाय ४०, खांदे २२, डोक्यापर्यंत उंची ८८. मग पिंजरा आतून १०० लांब, ४४ रुंद आणि अंथरुण धरून सुमारे ९१ उंच. एवढ्या उंचीचा तयार प्लास्टिकचा पिंजरा सहसा मिळत नाही, लाकडी करून घ्यावा लागतो. लाकूड उष्णतेची प्रक्रिया झालेलं आणि तसा शिक्का असलेलं हवं. प्लायवूडला ती अट नाही. उद्यमबागेतला कुशल सुतार काम चोख करेल, पण त्याला आयटाचं रेखाचित्र हातात द्या आणि बनवण्याआधी विमान कंपनीला मापं कळवून होकार घ्या, कारण छोट्या विमानांच्या मालकक्षाचं दार बुटकं असतं.

या मापांवरच भाडं ठरतं. कार्गोत लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहा हजारांनी भागतात. वरच्या पिंजऱ्याचं हे 'वजन' जवळपास ६७ किलो येतं. कुत्रं चोवीस किलोचं असलं तरी पैसे ६७ किलोंचे, आणि बाहेरून मोजल्यावर आणखी थोडे जास्तच. म्हणून कोटेशन मागताना कुत्र्याचं वजन नव्हे, पिंजऱ्याची बाहेरची मापं सांगा.

दार लोखंडी जाळीचं, चारही बाजूंना हवा, दोन्ही भाग नट-बोल्टने आवळलेले, नुसत्या प्लास्टिकच्या खिट्यांवर विसंबलेले नकोत. चाकं असतील तर काढा. पाण्याचं आणि खाण्याचं भांडं दाराच्या आतल्या बाजूला, पण बाहेरून भरता येईल असं. वर आणि बाजूंना 'जिवंत प्राणी' या अर्थाचं इंग्रजी लेबल आणि वरची बाजू दाखवणारे बाण. आत शोषून घेणारी चादर, गवत नको. लहान मांजर किंवा छोटं कुत्रं काही कंपन्या केबिनमध्ये पायाशी घेतात. पिशवीसकट वजनाची मर्यादा प्रत्येकीची वेगळी, आणि एका उड्डाणात मोजकीच जनावरं घेतात, म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करा.

सवय लावणं हेच खरं काम

कागदांइतकंच लक्ष इथे द्यायला हवं, आणि लोक नेमकं हेच शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. पिंजरा दोन महिने आधी घरात आणा. दार काढून ठेवा, आत त्याची नेहमीची गोधडी घाला आणि जेवण आत ठेवा. तो आपणहून आत जाऊन झोपायला लागला की दार लावा, आधी दोन मिनिटं, मग अर्धा तास, मग रात्रभर. कधी ओढून आत घालू नका, शिक्षा म्हणून तर मुळीच नाही. मग पिंजऱ्यासकट गाडीतून फिरवून आणा. बेळगाव ते धारवाड जाऊन येणं हा चांगला सराव आहे.

जेवणाचंही पाहा. आपल्याकडची कुत्री दूध-भाकरी, मटणाच्या पाण्यातला भात यावर वाढलेली असतात. तिकडे रोज भाकरी थापायला कुणाला सवड नसते, आणि भारतातून मांस किंवा दुधाचे पदार्थ असलेलं खाणं युरोपात नेता येत नाही. म्हणून महिनाभर आधीपासून तयार कोरडं खाद्य थोडं थोडं मिसळत न्या. मोकळ्या वाढलेल्या कुत्र्याला पट्टा आणि साखळी, जिना आणि लिफ्ट, ठरलेल्या वेळी बाहेर जाऊन शी-शू करणं हे इथेच शिकवा. परक्या माणसाने अंगाला हात लावू देणं, तोंड उघडून दाखवणं याचीही सवय हवी. विमानतळावर त्याला तपासणारे लोक अनोळखी असतील.

जंगलाच्या कडेला, जांबोटी-खानापूरकडे राहणाऱ्यांनी गोचीड तापाची रक्ततपासणी करून घ्यावी. वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या अंगात तो दबून असतो आणि प्रवासाच्या ताणाने उफाळतो.

शेवटचे दहा दिवस

भारतातून जनावर बाहेर नेण्यासाठी केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचा दाखला लागतो. तिची कार्यालयं मुंबईत आणि बेंगळुरात दोन्हीकडे आहेत. ज्या शहरातून उडणार तिथेच अर्ज करा. पासपोर्ट आणि तिकिटाच्या प्रती, लसपुस्तक, चिपचा दाखला, रक्ततपासणीचा अहवाल, नोंदणीकृत पशुवैद्यकाचा ताजा आरोग्य दाखला, जनावराचे फोटो आणि लागत असेल तर त्या देशाचा आयात परवाना, असा संच तयार ठेवा. अधिकारी जनावर प्रत्यक्ष पाहतात आणि चिप वाचतात. युरोप आणि ब्रिटनचा आरोग्य दाखला तिथे पोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांत सरकारी पशुवैद्यकाने सही केलेला हवा. म्हणून तो लवकर करून ठेवता येत नाही. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या टाळून भेटीची वेळ आधी घ्या.

सगळे दाखले इंग्रजीत करून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात कन्नडमधला नमुना भरून दिला तर विनंती केल्यावर इंग्रजीतही देतात. पासपोर्टवर जसं नाव, जसा पत्ता, तसाच सगळीकडे. शहराचं नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे बदललं, त्यामुळे एका कागदावर जुनं आणि दुसऱ्यावर नवं स्पेलिंग येतं. मालकाच्या नावातल्या अक्षरांची जुळणी त्याहून महत्त्वाची आहे, कारण तिकीट आणि दाखला एकमेकांशी ताडून पाहतात.

उड्डाणाचा दिवस

उड्डाणाच्या चार ते सहा तास आधी हलकं खाणं द्या, त्यानंतर फक्त पाणी. विमानतळावर जाण्याआधी लांब फेरी मारा. झोपेचं किंवा गुंगीचं औषध देऊ नका. उंचीवर त्याने रक्तदाब आणि श्वास बिघडतो, आणि कंपनीला कळलं तर जनावर नाकारतात. मालकक्षात हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं, दिवे मंद असतात, बहुतेक जनावरं झोपतात. पिंजऱ्यात तुमचा एक वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट ठेवा. निरोप घेताना रडून त्याला कवटाळू नका, शांत आवाजात आत जायला सांगा. जनावर आपल्याकडे बघूनच घाबरायचं की नाही ते ठरवतं.

मूळ कागद स्वतःकडे, प्रतींचा एक संच पिंजऱ्यावर चिकटवलेल्या पाकिटात. कार्गोने पाठवत असाल तर एअर वेबिलचा, म्हणजे मालाच्या पावतीचा, क्रमांक मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.

पोपट, कासव आणि बाकीचे

घरी पिंजऱ्यात हिरवा पोपट असेल तर त्याला नेता येणार नाही. भारतातले देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यांना पाळणंच गुन्हा आहे. चांदणी कासवाचंही तसंच. अशा प्राण्याला चोरून नेण्याचा विचारही नको. त्याची जबाबदारी वनखात्याकडे द्या. आफ्रिकन ग्रेसारख्या परदेशी पक्ष्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचे (साइट्सचे) वेगळे परवाने लागतात, त्याला कुत्र्यापेक्षाही जास्त वेळ द्या.

पोचल्यावर

पहिले दोन-तीन दिवस त्याला एकाच खोलीत, त्याच गोधडीवर राहू द्या. मांजराला किमान दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नका, ते जुनं घर शोधत निघून जातं. थंडीत मुधोळसारख्या पातळ कातडीच्या कुत्र्याला अंगरखा लागतोच. जर्मनीत नगरपालिकेत कुत्र्याची नोंद करून कर भरावा लागतो, आणि कुत्र्याने कुणाचं नुकसान केलं तर भरपाईसाठी विमा काढणं शहाणपणाचं. पहिल्या आठवड्यात तिथल्या पशुवैद्यकाकडे नाव नोंदवा, सगळे कागद दाखवा आणि पुढच्या रेबीज लशीची तारीख तिथेच ठरवून घ्या. शेवटी चिपच्या नोंदणीवर बेळगावचा फोन नंबर असेल तो बदलून नव्या देशातला टाका, आणि तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीतही चिप चढवा. हरवलेलं कुत्रं कुणाला सापडलं, तर चिप वाचून फोन लागला पाहिजे.